बिडाची शेगडी

“तू लिही, कुमू. टेप केतकी धरेल,” अण्णा म्हणाले.

मी हातातली टेप केतकीला दिली आणि वही घेतली. अकरा वर्षं त्या घरातली प्रत्येक गोष्ट मीच मोजत आले होते. पडद्यांचं कापड, पत्र्याचा उतार, अण्णांचा ताप. केतकी माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, ऋषीची बायको. तिला आमच्याकडे राहायला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ती जमिनीवर गुडघे टेकून भिंतीतल्या त्या काळ्या कोनाड्यात अर्धी आत शिरली आणि आतूनच ओरडली, “अण्णा, इथे माणूस राहील की हो! भाडेकरू ठेवायचा का?”

अण्णा हसले. हसताना ढास लागली तरी हसतच राहिले.

“रुंदी सांग,” मी म्हणाले.

“साडेचौतीस. नाही, थांबा, टेप वाकलीय. चौतीस लिहा, ताई.”

“नक्की किती?”

“चौतीस आणि वर थोडं प्रेमाचं.”

मी चौतीस लिहिलं. ती हात धुवायला गेल्यावर स्वतः पुन्हा मोजलं. चौतीस आणि एक अष्टमांश.

पाचगणीतला आमचा बंगला शंभरीच्या घरात आलेला होता. काळ्या दगडाच्या भिंती, लाल पत्रा, आणि दिवाणखान्यात साहेबी थाटाची फायरप्लेस. एका पारशी कुटुंबाने तो बांधला, त्यांच्याकडून अण्णांनी घेतला. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्याच एका निवासी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आई गेली तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. ते सोडून मी इथे आले आणि अण्णांच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागले. कुणी ये म्हणालं नव्हतं. पण नको येऊ असंही कुणी म्हणालं नाही.

त्या वर्षी अण्णांची छाती फार बिघडली. वाईच्या डॉक्टरांनी बजावलं की उघड्या जाळाचा धूर आता चालणार नाही, आणि थंडीही चालणार नाही. तेव्हा ठरलं की फायरप्लेसच्या कोनाड्यात दारवाली बंद शेगडी बसवायची, तिचं धुराडं जुन्या चिमणीतून वर काढायचं. मी खोलीचं घनफळ काढलं, खिडक्यांच्या फटी धरल्या, किती उष्णता लागेल ते मांडलं. दोन पानांत सगळं उत्तर होतं. अण्णांनी चष्मा लावून ती पानं वाचली आणि म्हणाले, “झकास. आता केतकीला दाखव.”

केतकी आमच्याकडे का आली होती ते इथेच सांगायला हवं. पुण्यात पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. ऋषीची नोकरी पुण्यातच होती, तो शनिवारी यायचा. हवापालट म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं होतं. मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पहिले पंधरा दिवस.

मग ती बरी होऊ लागली. ती गाडी चालवत असे. अण्णांना घेऊन ती घाट उतरून डॉक्टरांकडे जाई आणि येताना दोघं भजी खाऊन येत. अण्णांना मी अकरा वर्षं एसटीने नेत होते. सकाळी मी चहात गवती चहा घातला की अण्णा म्हणत, “औषध कशाला करतेस चहाचं?” केतकीने घातला तेव्हा म्हणाले, “वा, याला वास म्हणतात!” मी तिथेच पोळ्या लाटत होते. एक पोळी करपली, ती मी माझ्या पानात घेतली.

हे सगळं क्षुल्लक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. क्षुल्लक गोष्टींची बेरीज करायची सवय मात्र माझ्या शिक्षणानेच लावलेली.

शेगडी बघायला आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. तिथे इंगवले नावाच्या गृहस्थांचा ओतकामाचा कारखाना होता. ते परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशा शेगड्या करत. केतकी गाडी चालवत होती, अण्णा पुढे तिच्या शेजारी, मी मागे वही घेऊन. अख्ख्या रस्त्यात मला एकदाच काही विचारलं गेलं, ते म्हणजे काच वर करू का.

कारखान्याच्या पुढच्या खोलीत दोन शेगड्या मांडलेल्या होत्या. एक पोलादी पत्र्याची, चौकोनी, काळी, आतून भट्टीच्या विटा लावलेली. माझ्या आकड्यांत ती तंतोतंत बसत होती. दुसरी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. तिच्यावर गडद हिरवा मिनेकामासारखा लेप होता आणि अंगभर द्राक्षाचा वेल उठवलेला होता. पानांच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

“ही घ्यायची,” मी पोलादी शेगडीवर हात ठेवून म्हणाले.

“ही?” केतकीने तोंडावर हात धरला. “ताई, ही तर तिजोरी आहे! अण्णा, रात्रभर हिच्यासमोर बसून काय करायचं, दागिने मोजायचे?”

“खोलीला हीच पुरेशी आहे. ती हिरवी गरजेपेक्षा मोठी आहे.”

“पण बघा तरी तिच्याकडे. अण्णा, ही पानं बघा.”

अण्णा वाकले. बोटाने त्यांनी एका पानाची कड फिरवली. “दातेरी कड बरोब्बर काढलीय गं याने,” ते म्हणाले, आणि मला कळलं की निकाल लागला. माझी दोन पानं वहीत होती आणि तिच्याकडे एकच पान होतं, लोखंडाचं.

“अण्णा, डॉक्टरांनी धुराबद्दल—”

“दोन्हींचा धूर चिमणीतूनच जाणार ना? मग झालं. चार दिवस जगायचं, तर डोळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी समोर असू दे, कुमू.”

केतकी अण्णांना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेली. पत्ता लिहून द्यायला मी थांबले. इंगवले पावती सारून म्हणाले, “मॅडम, एक सांगतो, ध्यानात ठेवा. बीड हाय हे. पहिले पाच-सहा जाळ अगदी बारके करायचे. चिपाडं, कागूद, बास. लोखंडाला सवय लागू दे. आनि तापल्यावर वर गार-ओलं काय बी सांडायचं न्हाई. वेल सुंदर दिसतोय खरा, पण जिथं जाड-पातळ जोड येतो तिथंच तडकतंय.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले.

“मग प्रश्नच मिटला. तुमी शिकलेल्या. घरात सगळ्यास्नी सांगा मात्र.”

परतीच्या वाटेवर सांगायचं होतं. पण अण्णा आणि केतकी शेगडीला नाव काय ठेवायचं यावर वाद घालत होते. मी म्हटलं, शेगडी येऊ दे, मग सांगू.

ती मार्गशीर्षात आली. चौघा माणसांनी उचलून कोनाड्यात बसवली, धुराडं जोडलं, सांधे बुजवले. गवंड्यानेही मला विचारलं, “ताई, पेटवायचं तंत्र ठाव हाय न्हवं?” मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी दहाच्या सुमारास आमच्याकडे कामाला येणारी हौसाबाई शेगडीसमोर रांगोळी काढून उभी राहिली.

“काय वो अण्णा, नवी चूल ना ही? मग दूध उतू घालवायला नको?”

आमच्याकडे नव्या घरात, नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध उतू घालवतात. पूर्वेला ओघळ गेला की शुभ. घरच्या बाईने ते करायचं. स्वयंपाकघरात नवा ओटा झाला तेव्हा मी केलं होतं. गॅसची नवी शेगडी आली तेव्हाही मीच. त्यामुळे मी आत गेले, पितळी पातेलं घासलं, दूध ओतलं, त्याला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि घेऊन बाहेर आले.

“दे ते केतकीकडे,” अण्णा म्हणाले. “आज केतकी ठेवेल दूध. घरची लक्ष्मी आहे ती.”

केतकी दचकली. “अहो, ताई आहेत की! त्यांनी इतकं सगळं केलंय.”

“कुमू नेहमीच करते. कुमूला काय त्याचं? ती कुठे मानते असलं काही?”

ते खरं होतं. मी कधी असलं काही मानलं नव्हतं. वर्गात मुलींना मी सांगत असे की दूध उतू जातं ते साईखाली वाफ कोंडते म्हणून. मी पातेलं केतकीच्या हातात दिलं.

“जाळ चांगला मोठा करा गं,” अण्णा हौसाबाईला म्हणाले. “नाहीतर दुपारपर्यंत बसावं लागेल दुधाकडे बघत.”

हौसाबाईने बाभळीच्या सुक्या ढलप्या रचल्या, वर दोन ओंडके ठेवले. दार लावल्यावर जाळ असा ओढून घेतला शेगडीने की आत वारा सुटल्यासारखा आवाज येऊ लागला. नव्या लेपाचा उग्र वास सुटला. मी खिडकी उघडली. शेगडीची वरची सपाट लोखंडी पाटी किती तापली असेल याचा अंदाज मी तिथूनच करू शकत होते. पाण्याचा एक थेंब पडला तर किती वेळ नाचेल, तेही मला माहीत होतं.

माझ्याजवळ दहा-बारा मिनिटं होती. मी ती घड्याळात पाहिली.

केतकीने पातेलं ठेवलं, पूर्वेकडे जरासं कलतं केलं. ती दुधाकडे पाहत होती. अण्णा तिच्याकडे पाहत होते. ती आल्यापासून पहिल्यांदाच तिने काठपदराची साडी नेसली होती. “आलं हं, आलं,” ती हळूच म्हणाली. “अण्णा, बघा ना, आलं!”

दूध वर आलं आणि पूर्वेच्या बाजूने उतरलं. चर्र झालं, पांढरी वाफ उठली, आणि त्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज आला. टक्. वाळकी काडी मोडावी तसा. मागोमाग पाटीच्या कडेपासून वेलाच्या पहिल्या पानापर्यंत एक काळी रेघ उमटली, आणि त्या रेघेतून बारीकसा धूर वर आला.

“आगं बया!” हौसाबाई किंचाळली. “चूल तडकली की वो! पहिल्याच दुधाला!”

केतकीने पातेलं उचललं. फडक्याशिवायच. तिची बोटं भाजली, पण तिने ते टाकलं नाही, तसंच धरून उभी राहिली. अण्णांना खोकला सुरू झाला. मी दार उघडून ओंडके विस्तवातून बाजूला ओढले, अण्णांना पडवीत नेऊन बसवलं, त्यांची वाफ घ्यायची नळी आणली. सगळं मी झटपट आणि नीट केलं.

खोकला थांबल्यावर अण्णांनी विचारलं, “असं का झालं गं, कुमू?”

“बीड आहे ते,” मी म्हणाले. “त्याचा काही भरवसा नसतो.”

पुढचे चार दिवस घर पूर्वीसारखं झालं. केतकी बोटांना मलम लावून तिच्या खोलीतच असायची. सकाळचा चहा मी केला. साधा. अण्णांनी तो प्यायला. संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं, ते श्रावणापासून बंद होतं. “सात अक्षरी, कुमू,” ते म्हणाले, आणि मी उत्तर सांगितलं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. मी ते तपासून पाहत होते, आणि त्यात काही चूक सापडत नव्हती.

हौसाबाई मात्र गप्प बसत नव्हती. भांडी घासता घासता ती म्हणाली, “वाईट वाटतं बाई पोरीचं. पर काही बायांच्या हाताला यशच नसतंय. आधी ते लेकरू, आता ही चूल.”

“काहीतरी बोलू नकोस, हौसाबाई.”

“मी कुठं बोलते? तीच म्हनली काल मला.”

मी हातातली बशी ठेवली. “काय म्हणाली?”

“म्हनली, मावशी, माझ्या हाताला यश न्हाई. मी हात लावीन ते मोडतंय. कराडला आईकडं जाते म्हनली. आता पुन्यालाबी नको जायला, मालकांना दुसरं काय व्हायला नको माझ्यापायी.”

मी केतकीच्या खोलीत गेले. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. भाजलेली दोन बोटं वर धरून, उरलेल्या तीन बोटांनी.

“ताई, मी उद्या निघते. ऋषीला फोन केलाय. अण्णांना तुम्ही सांगाल का? मला नाही जमणार.”

“केतकी, तुझ्या आईकडे बिडाचा तवा आहे?”

तिला वाटलं मी काहीतरी विषय बदलतेय. “आहे. का?”

“धिरडी झाल्यावर त्या तापलेल्या तव्यावर आई पाणी ओतते?”

“छे! कशी ओतेल? तडकेल ना.” ती घडी घालत राहिली. मग तिचे हात थांबले. “ती शेगडी…”

“तेच बीड. वर हिरवा लेप, म्हणून आपल्याला ते शोभेच्या वस्तूसारखं वाटतं. पहिले पाच-सहा जाळ बारीक करायचे असतात. तसे केले नाहीत, एकदम मोठा जाळ घातला, आणि त्यावर दूध सांडलं. कुणीही सांडलं असतं तरी तडकलंच असतं. मी सांडलं असतं तरी. तुझ्या हाताचा काहीही संबंध नाही.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. कुणीतरी तिच्या छातीवरचा दगड उचलला होता आणि तिला तो नसण्याची अजून सवय नव्हती. “म्हणजे मी नाही?” ती म्हणाली. “नक्की ना ताई? तुम्ही शास्त्र सांगताय ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?”

“नाही. हे शास्त्रच आहे.”

मी तिथूनच वळू शकले असते. एक पाऊल उंबऱ्यापाशी होतं.

“पण ताई,” मागून ती म्हणाली, “बारीक जाळ करायचे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“इंगवल्यांनी.”

“कधी?”

“त्याच दिवशी. तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा.”

बाहेर हौसाबाईने बादली आपटल्याचा आवाज आला. केतकीने हातातली साडी बॅगेत ठेवली. ती हुशार मुलगी होती. तिला पुढचा प्रश्न विचारायची गरज नव्हती, तरी तिने तो विचारला.

“मी दूध ठेवलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही बघत होतात.”

“हो.”

ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती उठली. बॅगेतून एकेक साडी काढून तिने परत कपाटात लावली, माझ्यासमोर, सावकाश, तीन बोटांनी. शेवटची साडी लावून कपाटाचं दार बंद केलं.

“मी माझ्यामुळे जात होते,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे जायचं मला काही कारण नाही. अण्णांना तुम्हीच सांगा.”

अण्णा पडवीत उन्हात बसले होते, गुडघ्यावर शब्दकोड्याचं पान. मी उभ्यानेच सांगितलं, कारखान्यापासून दुधापर्यंत, क्रम न चुकवता. का केलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि पान घडी घालून बाजूला ठेवलं.

“मी तुला विचारलं होतं, कुमू,” ते म्हणाले. “त्या दिवशी, इथेच बसून. तुला विचारलं होतं मी.”

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते गेले त्याला आता चौदा वर्षं झाली. माझ्याशी ते प्रेमाने वागत, आजारपणात माझाच हात धरत. पण काही अडलं, काही मोडलं, तर का झालं हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी शेजारी असले तरी दुसऱ्या कुणाला विचारत.

इंगवल्यांनी वरची पाटी नवी ओतून दिली. पहिले सहा जाळ मी केले, चिपाडांचे, रोज एक. सातव्या दिवशी अण्णा खुर्ची ओढून समोर बसले. हौसाबाईने दुधाचं नाव काढलं नाही.

केतकी आणि ऋषी नंतर इथेच राहिले. त्याने पुण्याची नोकरी सोडली, तिने गावात बेकरी काढली. तिला मुलगी झाली, ती आता माझ्याकडूनच पदार्थविज्ञान शिकते. आम्ही एका घरात आहोत. एकमेकींची औषधं आणतो, भांडतो, सणाला एकमेकींना साडी घेतो. त्या सकाळबद्दल आम्ही दोघी कधीही बोललो नाही.

फक्त एक आहे. हिवाळ्यात शेगडी पेटली की तिच्यावर किटली, बटाट्यांचं पातेलं, काहीही ठेवायचं असलं, तरी केतकी आधी माझ्याकडे वळते. पाहुणे असोत, मुलगी असो, एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. “ताई, ठेवू ना?” ती विचारते. आवाज अगदी साधा असतो. तो टोमणा आहे की विश्वास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि विचारण्याचा हक्क मला नाही.

मी हातातलं काम ठेवून उठते. जवळ जाऊन जाळ पाहते, पाटीवर तळहात धरून धग पाहते, भांड्याचा तळ कोरडा आहे ना ते पाहते.

“ठेव,” म्हणते.